मोठ्या आतड्याचं वेळापत्रक

पहाटे ५.१५

डोंबिवलीहून सव्वाआठची जलद लोकल पकडायची तर मी सहाला उठले तरी भागेल. तरी गजर सव्वापाचचा असतो, कारण मधला वेळ माझ्या मोठ्या आतड्याचा आहे. उठल्याबरोबर दोन फुलपात्री कोमट पाणी, मग चहा, चहाबरोबर रात्री भिजवलेले काळे मनुके किंवा एखादं केळं. झोपेत आतड्याची हालचाल मंदावलेली असते. जाग आली आणि पोटात काही पडलं की ती एकदम वाढते. दिवसातला सर्वांत मोठा जोर तोच. तो वाया घालवला की दिवसभर चुळबुळ करत बसावं लागतं.

नोकरी करणाऱ्या बाईची ही वेळ नेमकी कुकर, पोळ्या आणि डबे यांत जाते. कळ आलेली असते, पण ‘एवढ्या चार पोळ्या लाटते आणि जाते’ म्हणत ती दाबली जाते. चार पोळ्यांनंतर कळही निघून जाते. असं वर्षानुवर्षं केलं की गुदाशय भरल्याची जाणीवच बोथट होते. मल आत रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. आमच्या घरी आता पहिल्या काही पोळ्या नवरा करतो. वेड्यावाकड्या होतात, पण होतात.

मला डायव्हर्टिक्युलर आजार आहे. मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जिथे स्नायूचा थर भेदून आत शिरतात, त्या जागा मुळात दुबळ्या. आतला दाब वाढत राहिला की तिथून आतलं अस्तर बाहेर फुगतं आणि वाटाण्याएवढ्या पिशव्या तयार होतात. त्या बहुधा डावीकडच्या शेवटच्या वळणात, सिग्मॉइडमध्ये असतात. वय वाढतं तशा त्या वाढतात आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पिशव्या असलेल्या शंभर जणांपैकी पाचांपेक्षा कमी लोकांत त्यांना सूज येते. तिला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. त्या मोजक्या लोकांत माझा नंबर लागला. ताप, डाव्या ओटीपोटात कुणीतरी मूठ आवळल्यासारखी कळ, सीटी स्कॅन, सलाइन. सूज ओसरल्यावर काही आठवड्यांनी कोलोनोस्कोपी झाली. आत दुसरं काही, विशेषतः कर्करोग, नाही ना, हे बघण्यासाठी ती करतात. पिशव्या मात्र एकदा झाल्या की औषधानं जात नाहीत. त्यांच्याबरोबर राहायचं असतं.

संडासात पायांखाली लाकडी पाट ठेवलेला आहे. गुडघ्यांमुळे भारतीय पद्धतीचा संडास मला सुटला, पण पाटावर पाय टेकून थोडं पुढे वाकलं की उकिडव्या बसण्याचा बराचसा फायदा मिळतो आणि मार्ग सरळ होतो. मोबाईल बाहेर. कुंथायचं नाही. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं आणि नाश्त्यानंतर पुन्हा बसायचं.

सकाळी ६.१५

ज्वारीचं पीठ मी चाळत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, बाजरीत आणि कोंड्यासकट गव्हाच्या पिठात अकराच्या आसपास. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनपेक्षाही कमी. दिवसाला पंचवीस ते तीस ग्रॅम तंतू पोटात जावेत असं आहारशास्त्र सांगतं, तेव्हा दोन भाकऱ्या आणि वाटीभर उसळ यांवर निम्मी मजल होते. यात काही विशेष पथ्य नाही. आमची आजी खायची तेच हे जेवण. मधल्या पन्नास वर्षांत आपण ते ‘गावठी’ म्हणून बाजूला सारलं आणि आता मॉलमध्ये मल्टिग्रेन म्हणून दुप्पट पैसे मोजून घरी आणतो.

तंतूंचा हा विचार मांडणाऱ्यांत डेनिस बर्किट यांचं नाव मोठं. हे आयरिश शल्यविशारद युगांडात बरीच वर्षं होते. भरड धान्य आणि कंद खाणाऱ्या तिथल्या लोकांत इंग्लंडमधले आतड्याचे आजार जवळजवळ दिसत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७१ मध्ये नील पेंटर यांच्याबरोबर त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, की डायव्हर्टिक्युलर आजार म्हणजे पाश्चात्त्य आहारातल्या तंतूंच्या उणिवेचा परिणाम आहे. तोवर अशा रुग्णांना मऊ, गाळलेलं, बिनकोंड्याचं जेवण देत. या दोघांनी कोंडा द्यायला सांगितलं, म्हणजे सल्ला उलटाच केला.

पुढे गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत कोलोनोस्कोपी झालेल्या सुमारे दोन हजार लोकांच्या अभ्यासात तंतू कमी खाणाऱ्यांत किंवा बद्धकोष्ठ असलेल्यांत पिशव्या जास्त असं काही आढळलं नाही. पण पिशव्या होणं वेगळं आणि त्यांचा त्रास होणं वेगळं. ब्रिटनमधल्या सुमारे ४७ हजार लोकांच्या अभ्यासात (२०११) भरपूर तंतू खाणाऱ्यांना आणि शाकाहारींना या आजारासाठी इस्पितळात जाण्याची वेळ कमी आली. मला एवढं पुरेसं आहे. शिवाय कोठा साफ असला की डाव्या बाजूचा तो जडपणा आणि मुरडा राहत नाही, हे मी रोज अनुभवते.

मात्र इस्पितळातून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कुणी बाजरीची भाकरी थापू नये. सूज असताना आतड्याला विश्रांती लागते. आधी पातळ पदार्थ, मग मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, शिजवलेला दुधी. बरं वाटल्यावर काही आठवड्यांत हळूहळू तंतू वाढवायचे. एकदम वाढवले तर पोट फुगतं, आणि मग माणूस ‘मला भाकरी सोसत नाही’ म्हणून पुन्हा पावाकडे वळतो.

सकाळी ७.१५

गोळ्या. बद्धकोष्ठाचं मूळ पुष्कळदा ताटात नसून औषधाच्या डब्यात असतं. लोह, कॅल्शियम, काही अँटासिडं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, रक्तदाबावरच्या व्हेरापामिलसारख्या काही गोळ्या, सगळ्यांत ही शक्यता असते. थायरॉइड मंदावला तरी पोट मंदावतं. आपल्या मनानं गोळी बंद करू नये, पण डॉक्टरांना विचारावं. माझी लोहाची गोळी विचारल्यावरच बदलून मिळाली.

सकाळी ८.१५

लोकल. आता सव्वा तास पाणी नाही, कारण उपनगरी गाडीत संडास नसतो. महिला डब्यातल्या निम्म्या बायका घरातून निघण्याआधी तासभर पाणी बंद करतात आणि ऑफिसातही बेतानंच पितात, कारण तिथल्या स्वच्छतागृहाचा भरवसा नाही. मुंबईत महिलांना मोफत, स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ उभी राहिली, ती याच दुखण्यातून. पाणी टाळण्यानं लघवीचा संसर्ग होतो हे आता सगळ्या जाणतात. त्याच टाळाटाळीनं मल कोरडा होतो, हे मात्र कुणी बोलत नाही. तंतू खाणाऱ्या माणसानं पाणी तोडलं तर तेच तंतू आतड्यात अडून बसतात. आहारतज्ज्ञ ‘तीन लिटर प्या’ म्हणून मोकळे होतात. प्यायचं कुठे आणि जायचं कुठे, हे त्यांच्या तक्त्यात नसतं.

मी पाण्याच्या वेळा ठरवल्या आहेत. उठल्यावर भरपूर, साडेसातनंतर नाही, ऑफिसात पोचल्यावर दर तासाला एक पेला. उन्हाळ्यात जास्त.

सकाळी ११.००

फायली आणि खुर्ची. तासाभरानं उठून जिना उतरते, चढते. बैठकीच्या मध्ये पोटात कळ आली तर उठून जाते. वर्षभरापूर्वी हे अवघड वाटायचं. आता साहेबांना सवय झाली आहे.

दुपारी १.१५

डबा. आज संकष्टी आहे, त्यामुळे टेबलावर साबुदाण्याच्या खिचडीचे तीन डबे उघडले गेले. माझ्या डब्यात भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, जवसाची चटणी. शेजारच्या ताईंनी दाण्याच्या कुटानं माखलेली खिचडी पुढे केली आणि हात मागे घेतला. “अगं, तुला दाणे चालत नाहीत ना? त्या पिशव्यांत अडकतात म्हणे.”

“दाणे चालतात हो,” मी म्हटलं, “साबुदाणाच नको.”

दाणे, तीळ, पेरूच्या, टोमॅटोच्या बिया पिशव्यांत अडकून सूज येते, हा सल्ला डॉक्टरांनीही कित्येक वर्षं दिला. तो ऐकायला पटतो म्हणून टिकला, पुराव्यानं नव्हे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ४७,२२८ पुरुषांच्या १८ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दाणे किंवा मका खाणाऱ्यांत त्रास वाढलेला दिसला नाही. शेंगदाण्यासारखे दाणे आणि पॉपकॉर्न नियमित खाणाऱ्यांत तर तो कमीच होता. तरीही ‘बिया वर्ज्य’ लिहिलेले कागद अजून हातोहात फिरतात. त्या धाकानं माणसं पेरू सोडतात. शंभर ग्रॅम पेरूत आठ ग्रॅमच्या वर तंतू असतात. स्वस्त आणि बारमाही मिळणारं इतक्या तंतूंचं दुसरं फळ मला माहीत नाही.

साबुदाण्याचं उलट आहे. तो निव्वळ पिष्ट, तंतू नावाला. उपासाच्या दिवशी लोक तो तुपात परततात, वर बटाटा घालतात, पाणी कमी पितात आणि दुसऱ्या दिवशी पोट अडलं की उपास बाधला म्हणतात. उपास करायचाच तर रताळं, राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, एखादं फळ आणि भरपूर ताक. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे परवडेल, पण निदान काय दुप्पट खायचं ते बघावं.

दुपारी ४.००

कुणाचा तरी वाढदिवस. खारी, समोसा, केक, सगळा मैदा. समोसा खाते, कधीतरीच असतो. खारी सोडते, कारण ती रोज असते.

संध्याकाळी ६.३०

गुडघा दुखतो आहे. स्टेशनाबाहेरच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक सहज मिळतं. या जातीच्या वेदनाशामकांनी पिशव्यांना सूज येण्याचा आणि त्यांतून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मला डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितलं आहे. धूम्रपान आणि पोटावरची चरबी यांचाही संबंध सूज येण्याशी आहे, तेव्हा ज्यांच्या हाती सिगारेट आहे त्यांनी भाकरीची चौकशी नंतर करावी.

गुडघा फारच कुरकुरत नसेल तर स्टेशनवरून घरी चालत येते. वीस मिनिटं. चालण्यानं आतडंही चालतं.

रात्री ८.४५

भात, वरण, गवारीची किंवा शेवग्याच्या शेंगांची भाजी. जेवणानंतर थोड्या वेळानं एक चमचा इसबगोल, मोठ्या पेल्यातल्या पाण्यात ढवळून लगेच पिते, वर आणखी एक पेला पाणी. हा भुसा पाणी ओढून फुगतो. कमी पाण्यात किंवा आडवं होताना घेतला तर घशातच अडकू शकतो. इतर गोळ्या त्याच्याबरोबर घेत नाही, तासा-दोन तासांचं अंतर ठेवते. सोनामुखीचं चूर्ण आणि एरंडेल घरात आहे, पण ते रोजचं औषध नव्हे. सोनामुखी आतड्याला ढकलून काम करते, आणि मग रोज तिच्याच भरवशावर राहायची सवय लागते.

रात्री १०.००

मनुके भिजवले, ज्वारीचं पीठ पुरेल का पाहिलं. तुमच्याकडे कुणाला हा आजार असेल तर एक लक्षात ठेवा. ताप, पोटात एकाच जागी राहणारी आणि न थांबणारी कळ, उलट्या, गॅसही न सुटणं किंवा शौचातून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर भाकरी, इसबगोल, एरंडेल काही देऊ नका. कळ उजवीकडे असली तरी हा आजार नाही असं समजू नका. काहींच्या पिशव्या उजवीकडे असतात, आणि ती कळ अपेंडिक्ससारखी वाटते. सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टरांकडे न्या.