मोटारगाडीचा श्वासमार्ग व त्याची स्वच्छता

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीं घराचें छप्पर शाकारावें, पन्हळींत सांचलेला पालापाचोळा काढून टाकावा आणि अंगणांतील पाण्यास वाट करून द्यावी, ही आपल्याकडील जुनी रीत होय. आतां पुष्कळ घरांच्या दारांत मोटारगाडीही उभी असते. तिलाही छप्पर आहे, पन्हळ आहे आणि पाणी निघून जाण्याच्या वाटाही आहेत. परंतु ही पन्हळ सहसा दृष्टीस पडत नसल्यामुळें तिची आठवण फारच थोड्यांना होते. ती कोठें असते, तुंबल्यास काय अनर्थ होतो व ती साफ कशी करावी, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून देण्याचा या लेखांत आमचा विचार आहे.

प्रथम गाडींत हवा येते कोठून, हें पाहूं. समोरच्या कांचेच्या पायथ्याशीं, जेथें वायपरच्या दांड्या बसविलेल्या असतात, तेथें एक काळी जाळीदार पट्टी दिसते. तिच्या खालीं गाडीच्या रुंदीइतकी एक पोकळ खोबण असते. तीच गाडीची पन्हळ. गाडी धांवूं लागली म्हणजे समोरून येणारा वारा कांचेच्या पायथ्याशीं अडतो व तेथें हवेचा दाब वाढतो; म्हणूनच हवा आंत घेण्याचें द्वार बहुतेक गाड्यांत याच ठिकाणीं ठेवलेलें असतें. या द्वारांतून पंखा हवा ओढून घेतो. बहुतेक नव्या गाड्यांत वाटेंत घड्या घातलेल्या कागदाची एक गाळणी लागते. पुढें एअर-कंडिशनरच्या थंड नळ्या व त्यांच्यापुढें हीटर. हीटर म्हणजे वस्तुतः एक लहानसा रेडिएटरच होय. इंजिनांत सुमारें ९० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेलें पाणी त्यांतून खेळविलेलें असतें व त्यावरून जाणारी हवा गरम होते. बाहेरची ताजी हवा घेऊन, ती गाळून व तापवून आंत सोडण्याची योजना अमेरिकेंतील नॅश कंपनीनें १९३८ सालच्या आपल्या गाड्यांत केली होती. आजच्या गाड्यांतील व्यवस्थाही त्याच तत्त्वावर चालते.

आपल्या उष्ण प्रांतांत हीटर हवाच कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पावसाळ्यांत घाट चढतांना मिळतें. बाहेरच्या पावसानें कांच थंड होते. आंत बसलेल्या माणसांच्या श्वासांतील व ओल्या कपड्यांतील वाफ तिच्यावर बसते आणि पाहतां पाहतां समोरचा रस्ता दिसेनासा होतो. अशा वेळीं थंड नळ्यांवरून जातांना हवेंतील ओल पाण्याच्या रूपानें गळून पडते, आणि तीच कोरडी झालेली हवा हीटरवर किंचित् ऊन होऊन कांचेवर आली कीं वाफ विरून जाते. परंतु हवेचें द्वारच पानांनीं बुजलें असेल तर पंखा कितीही जोरानें फिरविला तरी कांचेवर पुरेसा वारा पोंचत नाहीं. चालकास एका हातानें कांच पुशीत दुसऱ्या हातानें वळणावर चाक फिरवावें लागतें. म्हणजे हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नसून आंत बसलेल्यांच्या जीविताचा आहे.

आपल्याकडे पानगळ होते ती मुख्यतः माघ-फाल्गुनांत, आणि पाऊस येतो ज्येष्ठांत. मधल्या कडक उन्हाच्या दिवसांत गाडी झाडाच्या सावलींत उभी करण्याचा मोह सर्वांसच होतो. बदामाचें मोठें पान जाळीवर अडून राहतें व सहज उचलतां येतें. खरा त्रास चिंच व गुलमोहर यांच्या बारीक पानांचा. तीं जाळींतून खालीं जातात, धुळींत मिसळतात, आणि पहिल्या पावसांत त्यांचा चिखल होऊन तो पाणी निघून जाण्याच्या भोंकांत बसतो. मग खोबणींत पाणी तुंबतें, त्याची पातळी हवेच्या द्वारापर्यंत चढते आणि तें पंख्यावरून गाडीच्या आंत उतरतें. आपल्याकडील बऱ्याच गाड्यांत पंखा डाव्या बाजूस असल्यामुळें चालकाशेजारीं बसणाऱ्याच्या पायांखालील गालिचा प्रथम भिजतो. त्याखालीं विजेच्या तारा असतात, पत्रा गंजतो, गालिच्यास बुरशी येते, व त्या कुबट हवेचा दमेकरी मुलांस फार उपद्रव होतो.

दोष वेळींच ओळखण्याच्या कांहीं खुणा आहेत. आंतलीच हवा फिरविण्याची कळ दाबली असतां वारा जोरानें येतो व बाहेरची हवा घेतांच मंदावतो, असें दिसल्यास द्वार तुंबलें आहे असें समजावें. पंख्यांतून टिक्-टिक् असा आवाज आल्यास त्याच्या पिंजऱ्यासारख्या चाकांत पान शिरल्याचा संभव असतो. साध्या गाड्यांत पंख्याची गति कमी करणारा विजेचा रोधक त्याच वाऱ्यानें थंड राहतो. वारा अडला तर तो तापून जळतो, आणि मग पंखा केवळ पूर्ण वेगावरच फिरतो. गालिच्यावरील पाणी स्वच्छ असेल तर तें पावसाचें किंवा एअर-कंडिशनरच्या तुंबलेल्या नळीचें असावें. परंतु तें चिकट, रंगीत व गोडसर वासाचें असल्यास हीटरच गळत आहे असें समजून गाडी जाणत्या मेस्त्रीकडे न्यावी. हें पाणी विषारी असतें. लहान मुलें व कुत्रीं-मांजरें यांना त्यापासून दूर ठेवावें.

आतां साफ करण्याची कृति सांगतों. इंजिन थंड असावें, किल्ली काढून घेतलेली असावी, व मुलांनीं हें काम वडील माणसांच्या देखरेखीखालींच करावें. बॉनेट उघडून, हातमोजे घालून, वरचा पाचोळा हातानें उचलून घ्यावा. तो आंत लोटूं नये, व प्रारंभींच पाण्याचा जोरदार फवाराही मारूं नये. त्यानें कचरा अधिकच खोल जातो. जाळीखालील बारीक पानें चिमट्यानें किंवा व्हॅक्यूम-क्लीनरनें काढावीं. नंतर हवेच्या द्वारापासून दूर, खोबणीच्या टोंकास तांब्याभर पाणी हळूहळू ओतावें व तें गाडीखालीं जमिनीवर पडतें कीं नाहीं हें पाहावें. पाणी अडल्यास मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी भोंकांत हलक्या हातानें फिरवावी. टोंकदार तार खुपसूं नये. शेवटीं गाळणी पाहावी. दुकानांत हिला केबिन-फिल्टर म्हणतात, व ती पुष्कळ गाड्यांत डावीकडील खणामागें असते. काढतांना तिच्यावरील बाणाची दिशा लक्षांत ठेवावी. कागदी गाळणी धुवूं नये, काळी पडली असल्यास नवी घालावी. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत तिची जागा व बदलण्याची मुदत दिलेली असते. पंखा खोलणें वगैरे कामें मात्र मेस्त्रीवरच सोंपवावीं.

या कामास मोठें भांडवल लागत नाहीं कीं विशेष विद्या लागत नाहीं. लागते ती केवळ वेळींच झालेली आठवण. ज्यांच्या घरीं स्वतःची गाडी नाहीं त्यांनाही टॅक्सी किंवा शाळेची बस चालविणाऱ्या आप्तेष्टांस ही गोष्ट सांगतां येईल. वैशाखाच्या सुट्टींतील एक सकाळ आमच्या विद्यार्थ्यांनीं या कामीं खर्च करावी. पुढें भर पावसांत घाटाच्या वळणावर समोरची कांच निर्मळ राहिली, तर तिचें श्रेय मूठभर पाचोळा आधींच बाहेर काढणाऱ्या त्या लहान हातांचेंच होय.