अन्नपचन, लवण आणि खारपाणपट्ट्यातील रुग्ण

अग्निमांद्य, आध्मान आणि मलावष्टंभ या तक्रारी घेऊन येणारा रुग्ण आपल्या अमरावती-अकोला परिसरातील प्रत्येक वैद्याला रोज भेटतो. अशा वेळी लवणभास्कर चूर्णाकडे आपला हात सहज जातो. योग उत्तम आहे, यात शंका नाही. तथापि पूर्णा नदीच्या खोऱ्यातील रुग्णाला तो देताना पचनाची प्रक्रिया पुनश्च एकदा डोळ्यांसमोर आणावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे.

आहाराचे पचन तीन अवस्थांत होते, असे शास्त्र सांगते. आमाशयात क्लेदक कफाने अन्न मृदू व द्रव होते, हा मधुर अवस्थापाक. पुढे ग्रहणीत पाचक पित्ताच्या योगे अम्ल, आणि पक्वाशयात द्रवांश शोषला जाऊन कटु अवस्थापाक होतो. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाचे वर्णनही याच क्रमाने जाते. लाळेने पिष्टमय पदार्थांच्या पचनाचा आरंभ होतो. जठरातील तीव्र आम्ल प्रथिनांचे विघटन सुरू करते. यकृताचे पित्त व स्वादुपिंडाचा रस लहान आतड्यात मिसळून उरलेले कार्य पूर्ण करतात.

येथे द्रवाचा हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. आपण दिवसाकाठी साधारण 2 लिटर द्रव घेतो आणि पाचकरसांच्या रूपाने शरीर स्वतः सुमारे 7 लिटर द्रव अन्नमार्गात सोडते. या 9 लिटरांपैकी मलावाटे जेमतेम 100 ते 200 मिलिलिटर बाहेर पडतो. बाकी सर्व पुन्हा शोषला जातो, आणि तो मुख्यतः सोडियमच्या मागोमाग जातो. अतिसारात साखर-मिठाचे पाणी उपयोगी पडते, ते याच कारणाने. निरोगी आतडे आलेले मीठ जवळजवळ संपूर्ण आत घेते. जास्त झाले म्हणून ते नाकारत नाही. जादा मीठ बाहेर टाकण्याचा भार मुख्यतः वृक्कांवर पडतो.

दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतील अनेक गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. तेथील विहिरी व बोअरचे पाणी खारे असते. काही गावांना धरणाचे पाणी नळाने मिळते. परंतु नळाला पाणी नसेल त्या दिवशी बोअरच उपयोगी पडते. याच पट्ट्यात वृक्कविकाराचे रुग्णही मोठ्या संख्येने आढळतात. त्याची कारणे अनेक असू शकतील. परंतु आधीच थकलेल्या वृक्कांवर आपण लवणाचा भार वाढवू नये, हे उघड आहे.

आता लवणभास्कराचा पाठ पाहू. प्रचलित पाठानुसार एकूण 41 भागांपैकी समुद्रलवण 8, सौवर्चल 5, बिड 2 व सैंधव 2, असे 17 भाग लवणच आहे. म्हणजे 3 ग्रॅम चूर्ण दिवसातून दोनदा दिल्यास सुमारे अडीच ग्रॅम लवण पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी दिवसभराची एकूण मर्यादा 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे. निम्मी मर्यादा औषधातच संपली; भाकरी, ठेचा, लोणचे आणि पाणी यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे.

माझ्या चिकित्सालयातील एक अनुभव नमूद करतो. खारपाणपट्ट्यातील एका शेतकऱ्यास मी हे चूर्ण पंधरा दिवसांसाठी लिहून दिले होते. गुण आला, म्हणून जुन्याच चिठ्ठीवर तो दीड वर्ष ते नेत राहिला. परत आला तेव्हा पायांवर शोथ, रक्तदाब 170/100 आणि क्रिएटिनिन वाढलेले होते. विकार चूर्णामुळेच झाला, असे मी म्हणणार नाही. परंतु प्रथम भेटीत मी त्याचा रक्तदाब मोजला नव्हता, पिण्याचे पाणी कोणते हे विचारले नव्हते आणि चिठ्ठीवर मुदतही लिहिली नव्हती. हे तिन्ही दोष माझेच होते.

वास्तविक चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे. लवणाच्या संदर्भात त्यांनी ऊषर भूमीचे उदाहरण दिले आहे, जेथे लवणाच्या आघाताने वनस्पती उगवत नाहीत वा निस्तेज होतात. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याला हे उदाहरण समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

वैद्यबंधू-भगिनींनी या भागातील रुग्णाला पाण्याचा स्रोत विचारावा, रक्तदाब मोजावा व शंका येताच मूत्र आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे. दीपन-पाचनासाठी शुंठी, जिरे, धने किंवा विनामीठ ताक योजता येते. हिंग्वाष्टकात आठांपैकी एकच भाग सैंधव असल्याने लवण पुष्कळ कमी जाते. वृक्कविकारात यवक्षार विशेष सांभाळावा, कारण त्यात पोटॅशियम असते. सर्जिक्षार व खाण्याचा सोडा यांतून सोडियमच जाते.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे. लवणप्रधान चूर्णाची दुसरी बाटली देताना ‘किती दिवसांपासून घेता? पायांवर सूज येते का?’ हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत व गरज वाटल्यास रुग्णास वैद्यांकडे परत पाठवावे. एका बाटलीची विक्री कमी होईल. परंतु एखाद्याचा वृक्कविकार वेळेत लक्षात येईल.