एका गाडीला दोन टाक्या : जोडणी अशी करावी



ट्रक आता डिझेलचे झाले, तरी कार्बोरेटरची जुनी पेट्रोल गाडी काहींच्या दारात अजून उभी आहे. लांबच्या फेऱ्यांसाठी तिला दुसरी टाकी बसवायची, तर जोडणी आधी समजून घ्या. चुकीच्या जोडणीने गाडी पेटू शकते.

दोन टाक्या आपल्याला नव्या नाहीत. रॉकेलवरच्या पंपाच्या इंजिनाला छोट्या टाकीत पेट्रोल आणि मोठीत रॉकेल असे. पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की कॉक रॉकेलवर फिरवायचा. तत्त्व एकच : एका वेळी एकच टाकी उघडी.

म्हणून दोन्ही पाइप नुसत्या टी-सांध्याने जोडू नयेत. एक टाकी संपली की पंप तिच्यातून हवा ओढतो आणि दुसरी भरलेली असूनही गाडी बंद पडते. तीन तोंडांचा कॉक बसवावा. त्यापुढे फिल्टर, पंप, मग कार्बोरेटर.

कार्बोरेटरपासून टाकीकडे परतीचा पाइप असेल तर सहा तोंडांचा कॉक लागतो. नाहीतर पेट्रोल एका टाकीतून ओढले जाते, परत दुसरीत पडते; ती भरून सांडते. खाली तापलेला सायलेन्सर असला तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

टाकी सायलेन्सर व बॅटरीपासून दूर, रबरी गादीवर पट्ट्यांनी घट्ट बांधावी. प्रत्येक टाकीला हवेची वाट हवी. ती बुजली तर पेट्रोल येत नाही.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यातले काही आपल्याच उसाच्या रसाचे व मळीचे. त्याने जुने रबरी पाइप खराब होतात, म्हणून इथेनॉल चालणारे पाइपच घ्या. इथेनॉल पाणी शोषते. कुंभवली, बोईसर-तारापूरकडच्या दमट हवेत दुसरी टाकी महिनोन् महिने भरून ठेवली तर पाणी तळाशी बसते. दोन्ही टाक्या आलटून-पालटून वापराव्यात.

शेवटचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने बदल करता येत नाही. आधी आरटीओत विचारा, मगच मिस्त्रीला बोलवा.