डबींतलें नाणें

दिवाळी जवळ आली कीं ज्या घरांत जुना चांदीचा रुपया असेल त्या घरांत तो कपाटांतून बाहेर निघतो. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं ताम्हनांत ठेवून त्याला दुधाचें स्नान घालतात, हळदकुंकू वाहतात. लालबागला राहणारा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षीं अशाच सुमारास माझ्याकडे आला. त्याच्या एका हातांत प्लॅस्टिकची चपटी डबी होती व दुसऱ्या हातांत हातोडी. "गुरुजी," तो म्हणाला, "वडिलांचा रुपया आहे. पूजेंत ठेवावयाचा आहे. पण ही डबी कांहीं केल्या उघडत नाहीं. फोडूं का?" त्याला जें उत्तर मीं दिलें, तेंच आज जरा विस्तारानें सांगणार आहें.

प्रथम ही डबी म्हणजे काय तें पाहूं. जुनीं नाणीं पारखून देणाऱ्या कांहीं कंपन्या परदेशांत आहेत. पीसीजीएस व एनजीसी ह्या त्यांतल्या दोन प्रमुख अमेरिकन कंपन्या. पहिलीचें काम १९८६ सालीं सुरू झालें, दुसरीचें १९८७ सालीं. नाणें खरें कीं खोटें हें तेथील पारखी ठरवितात आणि त्याच्या स्थितीला १ पासून ७० पर्यंत गुण देतात. ६० वा त्याहून अधिक गुणांचें नाणें चलनांत झिजलेलें नाहीं असें समजावयाचें. मग नाणें, आणि वर्ष, गुण व क्रमांक छापलेली चिठ्ठी, हीं दोन्ही एका पारदर्शक डबींत घालून तिच्या दोन्ही बाजू यंत्रानें एकजीव करतात. तिला ना बिजागरी, ना स्क्रू. डबी सहज उघडती, तर चांगल्या नाण्याची चिठ्ठी वाईट नाण्याला लावणें हा डाव्या हाताचा मळ झाला असता. डबी फुटल्यावांचून उघडत नाहीं, म्हणूनच त्या चिठ्ठीच्या शब्दाला बाजारांत किंमत आहे.

विद्यार्थ्याचा रुपया १९११ सालचा, पंचम जॉर्जच्या मुखवट्याचा होता. तो आपल्या फोर्टांतील टांकसाळींत पाडलेला. उलट बाजूस तळाच्या कमळाखालीं जो बारीक ठिपका असतो ती मुंबईची खूण. ह्या वर्षाच्या रुपयाची एक कथा आहे. बादशहाच्या झग्यावरील साखळींत एक हत्ती कोरलेला होता. पण त्याची सोंड इतकी आंखूड उमटली कीं लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारनें ते रुपये मागें घेतले, आणि १९१२ सालीं हत्ती सुधारून नवा सांचा काढला. म्हणून १९११ चा रुपया संग्राहकांना हवासा वाटतो. त्याचें वजन ११.६६ ग्रॅम, त्यांत चांदी शेंकडा ९१.७. झवेरी बाजारांत मोड म्हणून दिला तर एवढ्या चांदीचे पैसे मिळतील. संग्राहक अधिक देतो, पण तो चिठ्ठी पाहून देतो.

शिवाय हा रुपया त्याच्या एकट्याचा नव्हता. धाकटा भाऊ परळला राहतो, आणि वांटणी अजून व्हावयाची होती. डबी शाबूत असेतोंवर दोघांपुढें एकच साक्षीदार उभा आहे. ती फुटली कीं थोरला एक किंमत सांगेल, धाकटा दुसरी, आणि मनांत नसतें किल्मिष शिरेल. पुन्हां पारखून आणावें म्हटलें तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आडवा येतो. शंभर वर्षें पुरीं झालेलें नाणें त्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें, व खाजगी माणसाला तें देशाबाहेर धाडतां येत नाहीं.

मग डबी कधींच उघडूं नये का? तसें नाहीं. आंत नाण्यावर हिरवट चिकटा दिसूं लागला, किंवा डाग वाढतांना दिसला, तर उघडणें भाग पडतें. कारण ह्या डब्या हवाबंद नसतात आणि मुंबईची खारी, दमट हवा आंत शिरते. डबीच बनावट असल्याचा संशय येऊं शकतो. परंतु तेव्हां आधीं चिठ्ठीवरील क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. कांहीं जण अधिक गुणांच्या आशेनें डबी फोडून नाणें पुन्हां तपासावयास पाठवितात. माझें आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें. तीच पत्रिका सकाळीं ६३ गुण मिळविते व रात्रीं ६४, हें मी जाणतों. नाण्यांतहि तसेंच होतें. पण गुण वाढतात तसे उतरतातहि. हा जुगार आहे, व तो हरण्याची तयारी असेल त्यानेंच खेळावा.

उघडावयाचीच ठरली तर दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें आधीं काढून ठेवावीं. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण तुकडे उडतात. डबी जाड टॉवेलांत धरून नाण्यापासून सर्वांत दूरचा, म्हणजे चिठ्ठीकडचा कोपरा तार कापावयाच्या पकडीनें थोडथोडा दाबावा. सांधा तडकला कीं कडेकडेनें दोन्ही बाजू अलग कराव्या. हत्याराचें टोंक नाण्याकडे कधींहि वळवूं नये. हातोडी मारूं नये, डबी तापवूं नये, ॲसिटोनमध्यें बुडवूं नये. त्यानें प्लॅस्टिक विरघळून नाण्यालाच चिकटेल. नाणें मऊ कापडावर उतरवावें व फक्त कडेनें उचलावें. चिठ्ठी जपून ठेवावी. हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. माझ्या १८६२ च्या राणीछाप रुपयाची डबी मीं घाईनें फोडली. पकड निसटली आणि राणीच्या गालावर ओरखडा उठला. तो आजहि तेथें आहे.

बाहेर आलेलें नाणें चिंचेनें, राखेनें वा भांड्यांच्या पुडीनें घांसूं नये. त्यानें काळेपणा जातो, पण मूळ तेजहि जातें, आणि तें पुन्हां येत नाहीं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतहि तें ठेवूं नये; हिरवट चिकटा बहुधा त्यांतूनच येतो.

विद्यार्थ्यानें हें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग पूजेचें काय?" मीं म्हटलें, "अरे, डबी आहे तशीच ताम्हनाशेजारीं पाटावर ठेव. स्नानाला दुसरें साधें नाणें घे. लक्ष्मीला डबीच्या आंतलें दिसत नाहीं थोडेंच!" त्या सायंकाळीं मी त्याच्या घरीं गेलों, तेव्हां धाकटा भाऊहि आलेला होता. पाटावर डबी होती, ताम्हनांत पांच रुपयांचें नाणें दुधांत न्हात होतें, आणि हातोडी पुन्हां माळ्यावर गेली होती.