सुभेदार (लष्करी पद)

सुभेदार हे भारतीय भूदलातील कनिष्ठ कमिशनप्राप्त अधिकाऱ्यांच्या (जेसीओ) श्रेणीतील मधले पद होय. त्याच्या खाली नायब सुभेदार व वर सुभेदार मेजर ही पदे आहेत. रणगाडा दलात याच दर्जाच्या अधिकाऱ्यास रिसालदार म्हणतात. यांतील बहुतेक अधिकारी शिपाई म्हणून भरती होऊन हवालदारपदापर्यंत चढलेले असतात.

इतिहास

मोगल व मराठा अमदानीत सुभेदार म्हणजे सुभ्याचा मुख्य अधिकारी. मल्हारराव होळकरांचा 'सुभेदार' हा किताब त्याच परंपरेतला. ईस्ट इंडिया कंपनीने शब्द तोच ठेवला, परंतु त्याचा आवाका शिपायांच्या एका कंपनीपुरता आणला. शिपायांची भाषा, रीतिरिवाज व गाऱ्हाणी ब्रिटिश अधिकाऱ्यांपर्यंत पोचत ती मुख्यतः सुभेदारामार्फत. तरीही अनेक वर्षे चाकरी केलेला सुभेदार नुकत्याच रुजू झालेल्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याहून कनिष्ठच मानला जाई. पुढे हे अधिकारी 'व्हाइसरॉयचे कमिशन' असलेले म्हणून ओळखले जात. गोऱ्या सैनिकांवर हुकूम चालवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस राजाचे कमिशन भारतीयांना खुले झाले आणि १९३२ मध्ये देहरादून येथे भारतीय लष्करी अकादमी स्थापन झाली. तोवर सामान्य भारतीय सैनिकाच्या उन्नतीची मर्यादा म्हणजे सुभेदार मेजरपद.

ही मर्यादा असली तरी समाजाने वर येऊ न दिलेल्यांना हे पद मोठे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते व महू येथील लष्करी शाळेत शिकवीत. लष्करामुळेच त्यांच्या घरात शिक्षण आले. महारांची भरती १८९०च्या दशकात बंद झाली, तेव्हा केवळ नोकरीच नव्हे, तर ही वाटही बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉयचे नाव जाऊन 'जेसीओ' ही संज्ञा आली; जमादाराचा नायब सुभेदार झाला. जवान या अधिकाऱ्यांना 'साहेब' असेच संबोधतात. पायदळात प्लाटूनचे नेतृत्व बहुधा त्यांच्याकडे असते. ऑक्टोबर १९६२ मध्ये बुम ला परिसरात चिनी सैन्याशी लढलेले, मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी सुभेदार जोगिंदर सिंग हे अशाच एका प्लाटूनचे प्रमुख होते. सुभेदाराच्या खांद्यावर दोन तारे व लाल-पिवळी-लाल पट्टी असते. निवडक जेसीओंना मानद लेफ्टनंट वा मानद कॅप्टन हा हुद्दा दिला जातो.