वॉर्डाच्या दारात अडवलेली आई

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या कार्यशाळेत मी शिकवते. सगळे अठराच्या पुढचे, पण आम्ही त्यांना मुलंच म्हणतो. पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या करणं असं काम चालतं. २५ मार्च २०२० ला करोनामुळे टाळेबंदी लागली आणि हे सगळं एका रात्रीत थांबलं. का थांबलं ते आपल्याला कळत होतं. मुलांना कोण सांगणार? एक स्वमग्न मुलगा रोज साडेनऊला डबा घेऊन दारात उभा राहायचा. बस येत नाही म्हणून स्वतःचा हात चावायचा. शेवटी आई बरोबर साडेनऊला त्याला डब्यासकट गच्चीवर नेऊ लागली, तेव्हा कुठे चावणं थांबलं. हीच गरज ओळखून इंग्लंडनं एप्रिल २०२० मध्येच स्वमग्न व्यक्तींना दिवसातून एकाहून जास्त वेळा बाहेर पडायची मुभा दिली होती.

मास्क आम्ही व्हिडिओ कॉलवर शिकवला. आधी रुमाल हातात, मग हनुवटीला, मग दहा म्हणेपर्यंत नाकावर.

आजाराचा धोकाही यांना जास्तच. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागानं नोव्हेंबर २०२० मध्ये आकडे दिले: पहिल्या लाटेत बौद्धिक अक्षमता असलेल्या १८ ते ३४ वयाच्या व्यक्तींचा करोनानं झालेला मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या ३० पट होता. त्यात डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो. शिवाय ज्याला आंघोळीला, जेवायला दुसऱ्याचा हात लागतो, त्यानं अंतर राखायचं कसं? पण मला सगळ्यात जास्त छळतं ते वेगळंच. यातल्या कितीतरी जणांना काय होतंय ते सांगता येत नाही. आमची एक मुलगी काहीही दुखलं तरी ‘पोट’ म्हणते. दम लागला तरी ‘पोट’च. खरं काय ते तिच्या आईलाच कळतं.

दुसऱ्या लाटेत या मुलीला दवाखान्यात ठेवलं आणि आईला वॉर्डाच्या दारातच अडवलं. मुलगी ऑक्सिजनचा मास्क ओढून काढायची, म्हणून तिचे हात बांधले. शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरनी आईला पीपीई किट घालून आत घेतलं. आई दहापर्यंत म्हणायची, पुन्हा एकपासून सुरू करायची. मास्क टिकला, मुलगी घरी आली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं आठवं कलम आपत्तीत समान संरक्षणाची हमी देतं. १ मार्च २०२१ पासून लशीसाठीच्या सहव्याधींच्या यादीत बौद्धिक अक्षमताही होती, पण ४५ ते ५९ वयासाठीच. आमची बहुतेक मुलं पंचविशी-तिशीतली. त्यांना मेपर्यंत थांबावं लागलं.

आता आम्ही प्रत्येक घराकडून एक कागद लिहून घेतो: दुखलं की काय म्हणतो, औषधं कोणती, कुणाच्या हातून पाणी पितो. सरकारकडे मागणं एकच आहे. साथीच्या नियमावलीत अशा रुग्णासोबतच्या माणसाला ‘भेटायला आलेला’ धरू नका. त्याला आत राहू द्यायचं, हे दारावरच्या शिपायाला दाखवता येईल असं स्पष्ट छापा.