एकट्या नाविकाचा पहारेकरी

कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. नौका गोव्यात बांधलेली, लांबी ५६ फूट. ही हकीगत ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे वादळे आणि लाटा उभ्या राहतात. परंतु एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही : एकटा नाविक झोपतो केव्हा? आणि तो झोपला असता समोरून एखादे मालवाहू जहाज आले तर?

थोडे गणित करून पाहू. लहान नौकेत माणसाचे डोळे पाण्यापासून सुमारे २ मीटर उंचीवर असतात. तेथून क्षितिज अवघ्या ३ सागरी मैलांवर. जहाज उंच असल्यामुळे त्याचे दिवे त्याआधी दिसू लागतात. समजा, ते ६ मैलांवर दिसले. त्याचा वेग ताशी २० सागरी मैल, आपला ५. दोघे समोरासमोर येत असतील तर मधले अंतर सुमारे साडेचौदा मिनिटांत संपते! म्हणजे अर्ध्या तासाची डुलकीदेखील जिवावर बेतू शकते.

येथे ‘एआयएस’ ही यंत्रणा मदतीला येते. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या, ३०० किंवा अधिक टनभाराच्या जहाजांना ती २००४ सालच्या अखेरपर्यंत सक्तीची झाली. जहाज आपले स्थान, दिशा व वेग दर काही सेकंदांनी रेडिओवरून कळवीत राहते. नौकेवरील यंत्र तो संदेश पकडते आणि दोन गोष्टी काढते : दोघांमधले कमीत कमी अंतर किती राहील, आणि ती वेळ किती मिनिटांनी येईल. दोन्ही आकडे आपण ठरवलेल्या मर्यादेच्या आत आले की भोंगा वाजतो.

खरे कौशल्य ही मर्यादा ठरवण्यात आहे. खुल्या समुद्रात १ मैल आणि २० मिनिटे ही मर्यादा सोयीची; जागे होऊन, डेकवर येऊन, शिडे वळवायला तेवढा अवधी हवाच. तीच मर्यादा बंदराच्या तोंडाशी ठेवली तर भोंगा थांबणारच नाही. मग वैतागलेला नाविक तो बंद करतो आणि पुन्हा सुरू करायला विसरतो. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्यासारखीच गत! म्हणून किनाऱ्याजवळ मर्यादा अर्धा मैल किंवा त्याहून कमी करावी, बाहेर पडताच पुन्हा वाढवावी. शिवाय लाटांमुळे लहान नौकेची दिशा सतत हलते, तसा यंत्राचा हिशेबही हलतो. मर्यादा अगदी काटेकोर ठेवून चालत नाही. भोंगाही सुकाणूपाशी नव्हे, उशाशी हवा. वारा आणि शिडांच्या फडफडाटात त्याने झोपमोड होते की नाही, हे बंदरात असतानाच पाहून घ्यावे.

एवढे करूनही हा पहारेकरी अर्धा आंधळाच. जो संदेश पाठवतो तोच त्याला दिसतो. आपल्या किनाऱ्यावरील कितीतरी लहान मच्छीमार होड्यांवर हे यंत्र नसते. वाहत आलेला ओंडका तर काहीच कळवत नाही. तसेच, नौकेवर नुसते ऐकणारे यंत्र असेल तर आपल्याला जहाज कळते, जहाजाला आपण कळत नाही. म्हणून ऐपत असेल त्याने संदेश पाठवणारे यंत्र घ्यावे.

टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की, डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवला पाहिजे. एकट्या माणसाला हे अक्षरशः पाळणे अशक्यच. त्यामुळे मच्छीमारांच्या टापूत झोपायचे नाही, किनाऱ्यापासून दूर गेल्यावर घड्याळाचा गजर लावून तुकड्यातुकड्यांनी झोपायचे, आणि भोंगा वाजो न वाजो, उठल्यावर चारी दिशांना एक नजर टाकायची, हाच शहाणपणाचा मार्ग. यंत्र आपल्याला जागे करील. पाहायचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.